पनामा कालव्याची क्रूझ: एका दिवसासाठी पंधरा दिवसांचं तिकीट काढावं का?

मावशीचा न्यू जर्सीहून फोन आला तेव्हा तिचे तीन प्रश्न तयार होते. ती आणि काका सहा महिन्यांसाठी लेकीकडे गेले आहेत. लेकीने त्यांच्यासाठी पनामाच्या कालव्यातून जाणारी क्रूझ बघून ठेवली आहे. "पण तिथलं पाणी आटलंय म्हणे. आणि अमेरिका तो कालवा परत घेणार म्हणे. आणि मला सांग, कालव्यात बघायचं असतं तरी काय?"

पहिले दोन प्रश्न बातम्यांमधून आलेले. २०२३ मध्ये पनामात पाऊस दगा देऊन गेला आणि कालव्याच्या तोंडाशी जहाजांच्या रांगा लागल्या. २०२४ च्या शेवटी डोनाल्ड ट्रम्प यांनी कालवा परत घेण्याची भाषा सुरू केली. तिसरा प्रश्न मावशीचा स्वतःचा होता आणि माझ्या मते तोच खरा. त्याचं उत्तर कळलं की पाण्याचं आणि राजकारणाचं उत्तर आपोआप सापडतं, आणि तिकीट काढायचं की नाही हेही ठरवता येतं.

पाट नव्हे, जिना

कालवा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नीरेचा डावा कालवा येतो. धरणातून सुटलेलं पाणी उताराने शेताकडे निघालेलं. सुएझचा कालवाही डोळ्यांपुढे आणायला सोपा आहे. वाळवंटात चर खणला (आज तो १९३ किलोमीटरचा आहे), दोन्ही टोकांनी समुद्र आत शिरला आणि जहाजं सरळ निघाली. १८६९ मध्ये तो उघडला आणि मुंबई युरोपच्या हजारो किलोमीटर जवळ आली. मुंबईच्या बंदराची भरभराट झाली त्यामागे तो चर आहे.

पनामात मधे डोंगर आहे. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेला जोडणारी ही जमिनीची चिंचोळी पट्टी जेमतेम ८० किलोमीटर रुंद, पण तिच्या पाठीवर कणा आहे. म्हणून इथे जहाज डोंगर चढतं आणि पलीकडे उतरतं. समुद्रसपाटीपासून २६ मीटर वर, म्हणजे आठ-नऊ मजली इमारतीच्या गच्चीएवढ्या उंचीवर, गातून नावाचं तळं आहे. शाग्रेस नदीवर धरण बांधून ते तयार केलेलं आहे. अटलांटिककडून आलेलं जहाज तीन पायऱ्या चढून या तळ्यात येतं, तळं आणि त्यापुढची डोंगरात कापलेली खिंड पार करतं आणि तीन पायऱ्या उतरून पॅसिफिकमध्ये जातं.

या पायऱ्यांना 'लॉक' म्हणतात. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला काँक्रीटचा अवाढव्य हौद. मराठीत जलपाश असा शब्द आहे, पण मी इथून पुढे हौदच म्हणणार आहे, कारण ते चित्र लगेच डोळ्यांसमोर येतं. लहानपणी बादलीत होडी सोडून वर नळ सोडला असेल, तर बादली भरते तशी होडी वर येते हे तुम्ही पाहिलेलं आहे. इथे तेच घडतं. जहाज खालच्या हौदात शिरतं, मागचं दार बंद होतं, वरच्या बाजूने पाणी सोडतात, जहाज उचललं जातं. पाण्याची पातळी पुढच्या हौदाइतकी झाली की पुढचं दार उघडतं. एक हौद भरायला साधारण आठ-दहा मिनिटं लागतात. उतरताना हाच खेळ उलटा.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी की हौद भरायला एकही पंप लागत नाही. तळं वर आहे, म्हणून पाणी आपल्या वजनाने खाली येतं. गच्चीवरच्या टाकीतून स्वयंपाकघराच्या नळाला पाणी यावं तसं. १५ ऑगस्ट १९१४ रोजी आंकॉन नावाच्या जहाजाने कालवा उघडला, आणि तेव्हाचे हौद आजही त्याच तत्त्वावर रोज चालतात.

मग सपाटच का नाही खणला?

हा प्रश्न एका मोठ्या माणसालाही पडला होता. सुएझ यशस्वी करून दाखवणारे फर्डिनांड द लेसेप्स पनामात आले ते तसाच सपाट चर खणण्याच्या निश्चयाने. १८८१ मध्ये काम सुरू झालं. वाळवंटात पाऊस नव्हता, इथे धो धो होता. कुलेब्राच्या डोंगरात जितकं खणावं तितक्या दरडी खाली येत. घाटातला रस्ता पावसाळ्यात साफ करणाऱ्या कुणालाही ही व्यथा सांगावी लागणार नाही. शाग्रेस नदीला पूर आला की सगळं वाहून जाई. १८८९ मध्ये कंपनी बुडाली आणि फ्रान्समधल्या हजारो सामान्य गुंतवणूकदारांची पुंजी तिच्याबरोबर गेली.

पैशांपेक्षा भयंकर हानी माणसांची झाली. फ्रेंचांच्या काळात २०,००० हून अधिक माणसं गेली असा अंदाज आहे, त्यातली बहुतेक पीतज्वराने (यलो फीवर) आणि हिवतापाने. हे रोग डास पसरवतो हे तेव्हा सिद्ध झालेलं नव्हतं. आपल्याकडे मुंग्या लागू नयेत म्हणून फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवत. फ्रेंचांच्या रुग्णालयात खाटांच्या पायांखाली अशीच पाण्याची भांडी ठेवलेली असत. मुंग्या थांबल्या, पण रोग्याच्या उशाशी डासांची पैदास होत राहिली.

इथे आपल्या देशाचा एक धागा आहे. रोनाल्ड रॉस यांनी ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दाखवून दिले. पीतज्वरही डासच पसरवतो हे काही वर्षांनी क्यूबात सिद्ध झालं. अमेरिकेने १९०४ मध्ये काम हाती घेतलं तेव्हा विल्यम गोर्गस या डॉक्टरने आधी डासांवर मोहीम उघडली. साचलेलं पाणी उपसलं, डबक्यांवर तेल ओतलं, खिडक्यांना जाळ्या बसवल्या. अमेरिकी इंजिनिअरांनी सपाट कालव्याचा हट्ट सोडला आणि नदीला अडवून तिचंच तळं केलं. तरीही त्यांच्या दहा वर्षांत सुमारे ५,६०० माणसं दगावली. मरणाऱ्यांत बार्बाडोससारख्या कॅरिबियन बेटांवरून आलेले कृष्णवर्णीय मजूर सर्वांत जास्त होते. क्रूझच्या ध्वनिक्षेपकावर इंजिनिअरांची नावं घेतली जातात. या मजुरांची आठवण मनात ठेवून त्या खिंडीतून जावं असं मला फार वाटतं.

एका जहाजाला किती पाणी?

एक जहाज पार होताना साधारण २० कोटी लिटर गोडं पाणी तळ्यातून निघून समुद्रात जातं. उन्हाळ्यात आपल्या गावांना येणारा टँकर १०,००० लिटरचा धरला तर हे २०,००० टँकर झाले. जहाजावर दोन हजार प्रवासी असतील तर माणशी दहा टँकर. आणि हे पाणी पिण्याचं आहे. पनामा देशाची निम्म्याहून अधिक लोकसंख्या याच कालव्याच्या तळ्यांचं पाणी पिते.

म्हणजे कालवा पावसावर चालतो. समुद्राच्या पाण्याने तो भरत नाही. २०२३ मध्ये एल निन्योमुळे पाऊस घटला आणि ऑक्टोबर, एरवी भरपूर पावसाचा महिना, १९५० पासूनच्या नोंदींमधला सगळ्यात कोरडा ठरला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? एरवी दिवसाला ३६ च्या आसपास जहाजं जातात, ती वर्षाच्या शेवटी २२ वर आणावी लागली. २०२४ मध्ये पाऊस परतला आणि संख्या पुन्हा वाढत गेली.

तेव्हा क्रूझ रद्द झाल्या का?

मावशीची भीती ही होती, आणि ती रास्त आहे. पण दुष्काळाचा मार मुख्यतः मालवाहू जहाजांना बसला. त्याची दोन कारणं. क्रूझ कंपन्या आपलं वेळापत्रक वर्षभर आधी ठरवतात आणि कालव्यातली जागाही आधीच राखून ठेवतात. रांगेत आयत्या वेळी येऊन उभं राहायची पाळी त्यांच्यावर क्वचित येते. दुसरं कारण खोलीचं. तळं खाली गेलं की जहाज पाण्यात किती खोल बुडालेलं चालेल यावर मर्यादा येते. कंटेनरांनी ठासून भरलेलं जहाज १३-१४ मीटर खोल बुडतं. क्रूझचं जहाज उंच आणि रुबाबदार दिसलं तरी ते साधारण ८ मीटरच बुडतं. त्यामुळे ही मर्यादा त्याला लागतच नाही.

तरी तिकिटाच्या अटींमध्ये एक वाक्य असतं, ते शोधून वाचा. कंपनीला मार्ग बदलायचा अधिकार असतो, आणि कालवा पार झाला नाही म्हणून पूर्ण पैसे परत मिळतीलच असं नाही.

पण एवढं पाणी सहलीसाठी घालवायचं?

हा आक्षेप मला टाळावासा वाटत नाही. दुष्काळी भागातून आलेल्या माणसाला तो बोचतोच. खरं उत्तर दोन बाजूंचं आहे. कालव्यातली जागा एका क्रूझने सोडली तर ती दुसरं जहाज घेतं, हौद तेवढाच भरतो आणि तेवढाच रिकामा होतो. पाऊस भरपूर झाला की जास्तीचं पाणी धरणातून सोडूनही द्यावं लागतं. दुसरी बाजू अशी की पर्यटकांना आवडणारा कोरडा हंगाम, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंतचा काळ, नेमका तळं उतरणीला लागण्याचा असतो. आभाळ निळं असतं तेव्हाच पाणी सर्वांत महाग असतं.

२०१६ मध्ये सुरू झालेल्या नव्या, मोठ्या हौदांशेजारी टाक्या बांधल्या आहेत. तिथे ६० टक्के पाणी साठवून पुन्हा वापरतात. पुढची तजवीज म्हणून रिओ इंदिओ या नदीवर नवं धरण आखलं आहे. त्यासाठी त्या खोऱ्यातल्या गावांना उठावं लागेल, आणि तिथले शेतकरी विरोध करत आहेत. कोयना, उजनीच्या धरणग्रस्तांच्या घरी हा विषय समजावून सांगायची गरज नाही. मी स्वतः क्रूझला नको म्हणणार नाही, पण डेकवर उभं राहून हौद रिकामा होताना पाहाल तेव्हा हे पाणी कुणाचं आहे ते माहीत असावं.

पूर्ण, अर्धा की किनाऱ्यावरून?

आता तिकिटाकडे येऊ. 'पनामा कालवा क्रूझ' या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि इथेच लोक फसतात.

पहिली, पूर्ण पार जाणारी. फ्लोरिडातल्या मायामी किंवा फोर्ट लॉडरडेलहून निघून कॅलिफोर्नियात सान दिएगो किंवा लॉस एंजेलिसला उतरायचं, किंवा उलट. दोन आठवडे किंवा जास्त. उन्हाळ्यात अलास्काला जाणारी जहाजं हिवाळ्यासाठी कॅरिबियनमध्ये येतात, तेव्हा सप्टेंबर-ऑक्टोबरला आणि परत जाताना एप्रिल-मेला अशा फेऱ्या बऱ्याच असतात. एका किनाऱ्यावर चढून दुसऱ्यावर उतरायचं असल्याने विमानाची तिकिटं वेगळ्या शहरांची लागतात, हा खर्च धरायचा राहून जातो.

दुसरी, अर्धी. फ्लोरिडाहून निघून दहा-अकरा दिवसांत फ्लोरिडालाच परत. जहाज तीन पायऱ्या चढतं, गातून तळ्यात थोडा वेळ थांबतं, सहलीला जाणाऱ्यांना उतरवतं आणि आल्या वाटेने परत अटलांटिकमध्ये उतरतं. हौद कसे चालतात ते दिसतं. कुलेब्राची खिंड मात्र दिसत नाही आणि पॅसिफिकही नाही. जाहिरातीत दोन्हींचे फोटो सारखेच असतात. निघायचं आणि पोचायचं बंदर एकच असेल तर ती बहुतेक अर्धी फेरी, एवढी खूण लक्षात ठेवा.

तिसरा पर्याय क्रूझवाले सांगणार नाहीत. मायामीहून विमानाने साधारण तीन तासांत पनामा सिटी गाठता येते. शहराजवळ मिराफ्लोरेसला प्रेक्षकांसाठी सज्जे आहेत, तिथून जहाजं हौदात चढता-उतरताना अगदी समोर दिसतात. स्थानिक सहलींच्या छोट्या बोटी अर्ध्या दिवसात कुलेब्राची खिंड आणि पॅसिफिककडचे हौद पार करून आणतात. लहान बोटीतून हौदाची भिंत अंगावर येते ती मजा वेगळी. शिवाय जुनं शहर, कास्को व्हिएहो, पायी फिरून बघता येतं.

माझं मत स्पष्ट सांगतो. तुम्हाला फक्त कालवा बघायचा असेल, तर क्रूझ घेऊ नका. तीन-चार दिवस पनामा सिटीत राहा, जास्त बघाल आणि कमी खर्चात. तुम्हाला समुद्रावरचे संथ दिवस आवडत असतील, तर पूर्ण पार जाणारी क्रूझ घ्या. अशा फेरीत जवळपास निम्मे दिवस जमीन दिसत नाही. वाचणं, पत्ते, डेकवर फेऱ्या आणि जेवण, असा दिवस ज्यांना सुखाचा वाटतो त्यांच्यासाठी ती आहे. चार तास गाडीत बसलं की चुळबुळ करणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. अर्धी फेरी मी त्यांनाच सुचवेन ज्यांना कॅरिबियन बेटं बघायचीच आहेत आणि कालवा वाटेत मिळाला तर हवा आहे.

जुने हौद की नवे?

एकाच कालव्याला आता दोन जिने आहेत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. जुने हौद ३३.५ मीटर रुंद आणि ३०५ मीटर लांब. त्यांच्या मापाने बांधलेल्या जहाजाची रुंदी ३२.३ मीटर असते. म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम दोन-दोन फूट जागा. पेठेतल्या बोळातून ट्रक नेण्यासारखं हे काम. भिंतीवरच्या रुळांवरून चालणारी विजेवरची इंजिनं, त्यांना तिथे 'खेचरं' म्हणतात, दोरखंडांनी जहाज मधोमध धरून ठेवतात. पहिला दोर जहाजापर्यंत पोचवायला आजही दोन माणसं छोटी वल्ह्याची होडी घेऊन येतात. शेकडो मीटर लांबीच्या जहाजासमोर ती होडी बघून भान हरपतं. शेजारीच दुसरी रांग असते. तुम्ही वर चढत असता आणि शेजारचं जहाज खाली जात असतं, असंही कधी दिसतं.

नवे हौद ५५ मीटर रुंद आणि ४२७ मीटर लांब. तिथे खेचरं नाहीत, टग बोटी जहाज सांभाळतात. दारं बिजागरीवर न उघडता बाजूला सरकतात. शेजारी पाणी साठवायच्या टाक्या दिसतात. काम भव्य आहे, पण मला विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने जुन्यातूनच जावं. शंभर वर्षांपूर्वीचं यंत्र हाताच्या अंतरावर चालताना तिथे बघायला मिळतं. जहाजाची रुंदी कंपनीच्या माहितीत दिलेली असते. ती ३२ मीटरच्या आसपास असेल तर बहुतेक जुने हौद. त्याहून खूप जास्त असेल तर नक्की नवे. जगातली सर्वांत मोठी क्रूझ जहाजं मात्र पूर्ण पार जाऊच शकत नाहीत, कारण पॅसिफिकच्या तोंडाशी असलेल्या 'ब्रिज ऑफ द अमेरिकाज' या पुलाखालून ती मावत नाहीत.

तो एक दिवस कसा जातो

पहाटे पाचच्या सुमारास उठावं लागतं. कालव्याचा चालक, म्हणजे पायलट, जहाजावर येतो. इतर बहुतेक बंदरांत पायलट सल्ला देतो आणि सूत्रं कप्तानाकडे राहतात. पनामात मात्र जहाज चालवण्याचा पूर्ण ताबा पायलट घेतो. गातूनचे तीन हौद चढायला दीड-दोन तास, मग तळ्यातली झाडांनी वेढलेली बेटं. ही बेटं म्हणजे बुडालेल्या टेकड्यांचे माथे. मग खिंड, पेद्रो मिगेलचा एक हौद, मिराफ्लोरेसचे दोन आणि समुद्र. सगळं मिळून आठ ते दहा तास.

बाल्कनीची खोली घेऊन तिथेच बसून राहायचा बेत असेल तर एक सांगतो. हौदात असताना खालच्या मजल्यांवरच्या खोलीतून फक्त काँक्रीट दिसतं. खरा देखावा समोरचा असतो, तो जहाजाच्या पुढच्या उघड्या डेकवरून. बऱ्याच कंपन्या एरवी बंद असलेला पुढचा डेक त्या दिवशी प्रवाशांना उघडून देतात. तेव्हा बाल्कनीसाठी जास्तीचे पैसे निव्वळ कालव्यापायी मोजू नका. हवा मे महिन्यातल्या कोकणासारखी, दमट आणि चिकचिकीत. टोपी, पाणी आणि वयस्कर माणसांसाठी मधून मधून आत येऊन बसायची तयारी हवी.

एक गंमत नकाशात बघा. पनामाची पट्टी आडवी वळलेली असल्याने अटलांटिककडून पॅसिफिककडे जाणारं जहाज पूर्वेकडे सरकतं. पश्चिमेचा महासागर गाठायला पूर्वेला जायचं! आणि पॅसिफिकला मुंबईसारखी मोठी भरती-ओहोटी येते, पलीकडे अटलांटिकला जेमतेम. मिराफ्लोरेसची दारं सगळ्यांत उंच आहेत ती त्यामुळे.

आणि ट्रम्प?

कालवा अमेरिकेने बांधला आणि बराच काळ चालवला हे खरं. १९७७ मध्ये जिमी कार्टर आणि पनामाचे ओमार तोरिहोस यांच्यात करार झाले आणि ३१ डिसेंबर १९९९ च्या दुपारी कालवा पनामाच्या ताब्यात आला. तेव्हापासून पनामाची स्वतंत्र संस्था तो चालवते. त्याच वेळच्या दुसऱ्या कराराने कालवा तटस्थ ठरवला आहे, म्हणजे शांततेत आणि युद्धातही सगळ्या देशांच्या जहाजांना खुला. राजकीय भाषणांमुळे क्रूझच्या प्रवाशाला काही बदल जाणवलेला नाही. सुएझची गोष्ट वेगळी. २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर क्रूझ कंपन्यांनी त्या मार्गावरून आपली जहाजं काढून घेतली होती.

कागदपत्रं: इथे घाई नको

आपल्या पासपोर्टवाल्यांसाठी हा भाग कालव्याइतकाच महत्त्वाचा.

क्रूझ अमेरिकेत सुरू होऊन अमेरिकेत संपते, पण मधे तुम्ही देशाबाहेर जाता. त्यामुळे अमेरिकेचा व्हिसा अनेकदा प्रवेश देणारा आणि परतीच्या दिवशीही वैध असलेला हवा. परत येताना किती दिवस राहू द्यायचं ते पुन्हा अधिकारी ठरवतो. वाटेतल्या प्रत्येक देशाचे नियम क्रूझ कंपनीकडून लेखी मागून घ्या, कारण कागद कमी पडले तर ते पहिल्या बंदरावर चढूच देत नाहीत.

फ्लोरिडा ते कॅलिफोर्निया अशा फेऱ्या कोलंबियातल्या कार्ताहेनाला किंवा अरुबासारख्या बेटाला का थांबतात, याचं उत्तर १८८६ च्या एका अमेरिकी कायद्यात आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी न्यायचे असतील, तर वाटेत 'दूरचं' परदेशी बंदर घ्यावंच लागतं. अरुबासह दक्षिण अमेरिका दूरची धरली जाते, मेक्सिको नाही.

आणि यातून पीतज्वराचा प्रश्न उभा राहतो. भारताच्या यादीत पनामा आणि कोलंबिया दोन्ही पीतज्वराचे देश आहेत. तिथून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात, तर लसीचं प्रमाणपत्र मागतात. ते नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. मुंबईत ती सरकारी मान्यताप्राप्त केंद्रांवर मिळते. साठीच्या पुढच्या माणसांना या लसीचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते, म्हणून आधी डॉक्टरांना विचारायलाच हवं. रोगाचा धोका मुख्यतः कालव्याच्या पूर्वेकडच्या जंगलांत आहे, जहाजावर फारसा नाही. पण विमानतळावर बघतात तो कागद.

त्यामुळे दिशा महत्त्वाची ठरते. फ्लोरिडाहून कॅलिफोर्नियाकडे जाताना कालवा आधी येतो आणि उरलेल्या प्रवासातच सहा दिवस उलटून जातात. उलट दिशेने, किंवा अर्ध्या फेरीत, कालव्यानंतर चार-पाच दिवसांत तुम्ही फ्लोरिडात असता. तिथून थेट मुंबईचं विमान पकडणाऱ्याला प्रमाणपत्र लागेलच. मुलांकडे आठवडाभर तरी थांबणार असाल तर भारतापुरता हा प्रश्न सुटतो. वाटेतल्या एखाद्या देशाने मागितलं तर मात्र ते लागेल, म्हणून तेही कंपनीकडून लेखी घ्या.

खर्चाचं थोडं

जाहिरातीतला आकडा दोघांच्या खोलीतल्या एकाचा असतो. एकट्या माणसाला जवळपास दुप्पट पडू शकतं. कर आणि बंदराचं शुल्क वेगळं असू शकतं, आणि सेवकांच्या बक्षिसीचे माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर वेगळे. पंधरा दिवसांत दोघांचे ते ५०० ते ६०० डॉलरांच्या आसपास जातात. कालव्याचं शुल्क मात्र कंपनी भरते. ते किती असतं याची कल्पना यावी म्हणून सांगतो. २०१० मध्ये 'नॉर्वेजियन पर्ल' या जहाजाने एका फेरीसाठी ३,७५,६०० डॉलर भरले होते. १९२८ मध्ये रिचर्ड हॅलिबर्टन हा प्रवासी कालवा पोहून गेला, त्याच्याकडून त्याच्या वजनाच्या हिशोबाने ३६ सेंट घेतले.

जहाजावरचा डॉक्टर महाग असतो. अमेरिकेत येणाऱ्या आई-वडिलांसाठी मुलं जो विमा काढतात, तो अमेरिकेबाहेर चालतो का ते बघा. समुद्रातून आजारी माणसाला किनाऱ्यावर आणायचा खर्च त्यात आहे का तेही बघा. शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर तिकीट काढतानाच सांगा, जहाजावर चढल्यावर नको.

हे सगळं मावशीला दोन फोनमध्ये मिळून सांगितलं. लेकीने बघितलेली क्रूझ अर्धी फेरी निघाली. काकांना कादंबऱ्या आणि समुद्र, एवढं मिळालं तर पंधरा दिवस कसे गेले ते कळणार नाहीत. मावशीला मात्र तिसऱ्या दिवशी जमीन लागते. तिने रात्री पुन्हा फोन केला. "त्या होडीतल्या माणसांचं सांगितलंस ना, वल्हं मारत येतात ते? ते जुन्या हौदातच दिसतात की नव्यातही?" मी म्हटलं, जुन्यात. तिने लेकीला जहाजाची रुंदी बघायला सांगितली आहे, आणि काकांच्या डॉक्टरांची बुधवारची वेळ घेतली आहे.